आपली ठेंगणी गाय आणि धार काढायची रीत



गेल्या महिन्यात गावात तीन गटांची एकत्र बैठक झाली. कर्जफेड, बचत, पुढच्या महिन्याचे हप्ते हे सगळं लिहून झालं आणि चहा आला. तेवढ्यात एक ताई म्हणाली, "पशुसखी, माझी गाय लाथा मारते. धार काढायला बसले की नाचते नुसती. काय करू?" तिचं बोलणं संपायच्या आत दुसरी म्हणाली तिची गाय दूध चोरते, तिसरीच्या गाईचा एक सड बारीक झालाय, आणि चौथी म्हणाली, "धार काढायला काय शिकायचंय? आमच्या आजीने काढली, आईने काढली, आम्ही काढतो."

मीही असंच म्हणायचे. म्हणून या अंकात धारेबद्दलच लिहिते आहे. पण आधी माझ्या तांबडीची गोष्ट सांगते, म्हणजे मला हे का लिहावंसं वाटलं ते कळेल.

गटातून बारा हजारांचं कर्ज काढून मी तांबडी घेतली होती. आपली गावठी कोकणी गाय, उंचीला माझ्या कमरेएवढी, आखूड शिंगं, काळे खूर. दोन वेळचं मिळून दोन लिटर दूध. त्यातलं लिटरभर रतिबाला जायचं, बाकी घरात. हप्ता त्या रतिबातून फिटत होता. दुसऱ्या वेताला व्याली ती ज्येष्ठात. पुढे आषाढात लावणी लागली, मी पहाटेपासून चिखलात. मुलाला म्हटलं, आठवडाभर धार तू काढ. तो काढायचा ती अंगठा दुमडून. म्हणजे सड बोटांत धरायचा आणि अंगठ्याचं हाड त्यावर दाबून खाली ओढायचं. दूध भरभर येतं असं वाटतं त्याने. चौथ्या दिवशी तो म्हणाला, मागच्या डाव्या सडातून दुधात बारीक गुठळ्या येतायत. मी म्हटलं, उष्णता झाली असेल. शेजारच्या मावशी म्हणाल्या, नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. लावणी सोडून तालुक्याला जायला माझं मन होईना. आणखी चार दिवस गेले, तोवर कासेचा तो भाग दगडासारखा झाला आणि गाईने चारा सोडला. डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली, गाय वाचली. पण तो सड कायमचा बसला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशी बोलावलं असतं तर वाचला असता.

हप्ता मात्र चार सडांच्या हिशेबाने ठरलेला होता. तो फेडायला त्या वर्षी काजूचे पैसे घालावे लागले.

चूक मुलाची नव्हती, त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. मलाही कुणी दाखवलं नव्हतं. पुढे पशुसखीचं प्रशिक्षण घेतलं तेव्हा एकेक गोष्ट कळत गेली.

कासेच्या आत काय असतं

कास म्हणजे दुधाने भरलेली पिशवी नव्हे. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप समजतं. आतून ती द्राक्षाच्या घडांसारखी असते. बारीक बारीक दाणे, आणि दूध त्या दाण्यांत तयार होऊन तिथेच थांबलेलं असतं. दाण्यांपासून निघालेल्या नळ्या खाली एका पोकळीत येतात आणि ती पोकळी सडाला मिळते. जर्सी-होलस्टीनसारख्या गाईंच्या कासेत ही खालची पोकळी मोठी असते, त्यामुळे वासरू नसलं तरी बरंच दूध सहज निघतं. आपल्या देशी गाईत ती लहान. बहुतेक दूध वर दाण्यांत अडकलेलं. ते गाईने स्वतः सोडावं लागतं. यालाच आपण पान्हा म्हणतो.

पान्हा कसा सुटतो? वासराने ढुशी दिली, सड चोखला, किंवा आपण कास हळुवार पुसली की तो स्पर्श गाईच्या मेंदूला कळतो. मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा रस रक्तात उतरतो, तो कासेत पोचतो आणि दाण्यांभोवतीच्या बारीक स्नायूंना आवळतो. मग दूध खाली येतं, सड टरारतात. याला साधारण मिनिटभर लागतं. आणि हा रस फार वेळ टिकत नाही, पाच ते सात मिनिटांत त्याचा जोर ओसरतो. म्हणून वासरू सोडून पान्हवून झाल्यावर फोन आला म्हणून उठलात, चुलीवरचं दूध उतू गेलं म्हणून धावलात, की परत येईपर्यंत पान्हा गेलेला असतो. मग आपण म्हणतो गाय चोरटी आहे. चोरटी ती नाही हो, वेळ आपण दवडलेली असते.

दुसरी गोष्ट भीतीची. गाय घाबरली, दुखावली, चिडली की तिच्या अंगात दुसरा रस सुटतो आणि तो पान्हा अडवतो. गोठ्यात कुत्रा शिरला, नवखा माणूस आला, कुणी ओरडलं, पाठीत काठी बसली, की त्या वेळचं दूध गेलंच समजा. आमच्या सासूबाई धार काढताना गाईशी बोलायच्या. मला हसू यायचं तेव्हा. आता मीही बोलते.

पान्ह्याचं इंजेक्शन काही ठिकाणी चोरून मिळतं, एखादी ताई विचारतेही. देऊ नका. दूध वाढावं म्हणून जनावराला काहीही टोचणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या १२ व्या कलमाखाली गुन्हा आहे. शिवाय गाईला त्याची सवय लागते, मग वासराच्या ढुशीनेही पान्हा सुटत नाही.

आणखी एक. कासेचे चार भाग आतून वेगवेगळे असतात. एका सडाचं दूध दुसऱ्यात जात नाही. मागच्या दोन भागांत दूध जास्त असतं, शंभरातलं साठ टक्क्यांच्या आसपास. माझ्या तांबडीचा नेमका मागचा सड गेला.

बसण्याआधी

वेळ रोज तीच ठेवा. गाईला घड्याळ कळतं. सकाळी सहा तर संध्याकाळी सहा. बारा तासांचं अंतर पाळता आलं तर उत्तम, नाही जमलं तर जी वेळ ठरवाल ती मोडू नका. पुष्कळ जणी आपल्या लहान गाईची धार एकदाच, सकाळी काढतात आणि दिवसभर वासरू मोकळं सोडतात. दूध थोडं असेल तर तेही ठीक. उगाच दोनदा काढायचा अट्टहास नको.

धारेच्या आधी अर्धा तास गोठा झाडू नका आणि वाळलेली पेंडही उधळू नका. धूळ उडते आणि ती सगळी चरवीत येते. शेण आधीच उचलून ठेवा. गाईसमोर आंबोण ठेवा, तिचं तोंड चालू असलं की ती शांत उभी राहते.

आपले हात साबणाने धुऊन पुसायचे. नखं कापलेली हवीत. हे मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि प्रत्येक बैठकीत चार-पाच जणींची नखं वाढलेली दिसतात. गाय लाथ मारते त्याचं निम्मं कारण तिथेच असतं. बांगड्या वर सरकवून रुमालाने बांधा, अंगठी काढून ठेवा.

पावसाळ्यात पायात गमबूट घाला. आपल्या कोकणात लेप्टोचा ताप दर पावसाळ्यात असतो. उंदरांच्या तसाच गुराढोरांच्या मुतातूनही तो पसरतो आणि पायाच्या भेगांतून, हाताच्या कापलेल्या जागेतून अंगात शिरतो. गोठ्यात अनवाणी, भेगाळल्या पायांनी रोज दोन वेळा उभ्या राहणाऱ्या आपणच. हाताला जखम असेल तर मोजा घाला किंवा त्या दिवशी दुसऱ्या कुणाला बसवा. बूट महाग वाटतात, पण तापाच्या एका आजारपणापुढे काहीच नाहीत.

क्रम

आता खरं काम. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून नीट वाचा.

आधी वासरू सोडा. चारही सड थोडे थोडे चोखू द्या, मिनिटभर पुरतं. सड टरारले, वासराच्या तोंडाला फेस आला की त्याला काढून गाईच्या तोंडासमोर बांधा, जेणेकरून ती त्याला चाटत राहील. लांब खुंट्याला बांधू नका. तिला वासरू दिसलं पाहिजे.

मग सड धुवा. फक्त सड. पूर्ण कासेवर तांब्याने पाणी ओतायची आपल्याला सवय आहे, ती सोडायला हवी. वरचं घाण पाणी केसांवरून ओघळून सडाच्या टोकाशी येतं आणि तिथून थेंब थेंब भांड्यात. कोमट पाण्यात फडकं पिळून सड पुसा, वासराची लाळही त्यात निघून जाते. मग कोरड्या फडक्याने टिपा. दोन गाई असतील तर दोन फडकी. एकीचं फडकं दुसरीला लावलं की एकीचा रोग दुसरीला. फडकी रोज उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाका.

पुढे प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या वाटीत घ्या. वाटीच्या तोंडावर काळं कापड ताणून बांधा, पांढऱ्या गुठळ्या त्यावर लगेच दिसतात. या धारा जमिनीवर मारायच्या नाहीत, तळहातावरही घ्यायच्या नाहीत. जमिनीवर मारल्या तर गोठ्यात रोग पसरतो, तळहातावर घेतल्या तर तोच हात पुढच्या सडाला. शिवाय या पहिल्या दुधात जंतू जास्त आणि साय कमी असते, त्यामुळे ते गेलं म्हणून जीव हळहळायला नको.

आता धार. लहान गाईला खाली जागा कमी असते. मोठी बादली तिथे मावत नाही, कलंडते, नाहीतर गाय तिच्यात पाय घालते. अरुंद तोंडाची चरवी किंवा लहान कासंडी घ्या. ती गुडघ्यांत धरता येते, कचराही कमी पडतो. उकिडवं बसून कंबर धरते, त्यासाठी वीतभर उंचीचा पाट किंवा लाकडाचा ठोकळा करून घ्या. डोकं गाईच्या कुशीला हलकं टेकवा. तिने पाय उचलायचं मनात आणलं की कुशीचा स्नायू आधी हलतो, तो तुमच्या कपाळाला कळतो. भांडं वाचतं.

सड कसा धरायचा? मोठ्या सडाच्या गाईला पूर्ण मूठ हीच सर्वात चांगली पद्धत. आंगठा आणि पहिलं बोट यांनी सड अगदी वरच्या बाजूला, कासेला लागून आवळायचा. याने दूध परत वर जात नाही. मग मधलं बोट, अनामिका, करंगळी अशी एकामागून एक दाबत खाली यायचं. वरून दरवाजा लावायचा आणि खालचं बाहेर काढायचं, असं. हात खाली ओढायचा नाही. सड जागच्या जागी राहिला पाहिजे.

आपल्या लहान गाईचा सड मात्र बोटाच्या दोन पेरांएवढा. त्यात मूठ मावत नाही. मग आंगठा एका बाजूला आणि दोन किंवा तीन बोटं दुसऱ्या बाजूला, पण रीत तीच. वरून आवळा, खाली दाबत या, सोडा, सड पुन्हा भरू द्या. चिमटीत धरून घसरत ओढणं शेवटच्या थोड्या दुधापुरतं चालतं, पूर्ण धार तशी काढायची नाही. आणि अंगठा दुमडून तर कधीच नाही. त्या हाडाने सडाच्या आतली नाजूक कातडी चिरडते, तिथे जखम होते, गाठ बनते, आणि त्या जखमेत रोग शिरतो. माझ्या तांबडीचं हेच झालं.

बोटं दुधात बुडवून ओली करून धार काढायची सवयही अनेकींना असते. हातावरची घाण दुधात आणि दुधाची ओल सडावर, दोन्ही वाईट. ओल्या सडाला भेगाही पडतात. हात कोरडा ठेवा.

हे वाचून येणार नाही, हाताला शिकवावं लागतं. बैठकीत आम्ही एक खेळ करतो. डॉक्टरांकडचा रबरी हातमोजा पाण्याने भरायचा, तोंड बांधून काठीला टांगायचा, एका बोटाच्या टोकाला सुईने भोक पाडायचं. मग दाबून धार काढून बघायची. ओढणारीचं पाणी वर पळतं, दाबणारीचं खाली येतं. ज्या ताईने आजीची रीत सांगितली होती, तिला तो मोजा दोनदा फोडून तिसऱ्यांदा जमलं. सगळ्या हसल्या, तीही हसली. घरी मुलांना, नवऱ्यालाही हा खेळ द्या. आपण आजारी पडलो किंवा माहेरी गेलो तर धार त्यांनाच काढायची असते.

शेवटचं दूध कुणाचं

धार जशी पुढे जाते तसं दूध घट्ट होत जातं. पहिल्या धारांत स्निग्धांश एक-दोन टक्के, तर शेवटच्या दुधात सात-आठ टक्के किंवा त्याहून जास्त. ज्या डेअरीत फॅट लावून दर देतात तिथे दूध घालणाऱ्या मैत्रिणींनी हा हिशेब करून बघावा. समजा गाईच्या कासेत दोन लिटर दूध आहे, सरासरी फॅट ४.५. म्हणजे एकूण ९० ग्रॅम स्निग्ध. तुम्ही शेवटचं पाव लिटर, आठ फॅटचं, कासेतच सोडलं तर २० ग्रॅम तिथे राहिलं. उरलेल्या पावणेदोन लिटरात ७० ग्रॅम. फॅट लागेल ४. दूध पातळ केलेलं नसताना "पाणी घातलं काय?" असं ऐकावं लागतं ते यामुळेही.

मग वासराचं काय? त्याच्या तोंडचं काढून घ्या असं मी म्हणत नाही. उलट पहिले दोन-तीन महिने वासराला पोटभर मिळालंच पाहिजे. पाडी उपाशी वाढली की ती माजावर उशिरा येते, आणि आपली पुढची गाय तीच. दूध घरासाठी असेल तर चारही सडांतलं शेवटचं वासराला सोडा. ते चोखून कास मोकळी करतं, कासेलाही बरं. दूध डेअरीला जात असेल तर दुसरी वाट आहे. तीन सड पूर्ण रिकामे करा आणि एक सड अख्खा वासराचा. रोज वेगळा सड सोडा, म्हणजे कास एकसारखी राहते. मला स्वतःला ही दुसरी रीत पटते, कारण वासराला किती मिळालं ते डोळ्यांना दिसतं. पहिल्या रितीत हात सैल की घट्ट यावर त्याचं पोट अवलंबून.

चिकाबद्दल मात्र काही वाद नाही. व्याल्यावर तासाभरात पहिला चीक वासराच्या पोटात गेला पाहिजे, वार पडायची वाट बघत बसायचं नाही. रोगाशी लढायची ताकद वासरू आईच्या पोटातून घेऊन येत नाही, ती चिकातूनच मिळते, आणि वासराच्या आतड्याला ती शोषून घेता येते ती पहिल्या दिवशीच, तीही तासागणिक कमी होत जाते. दिवसाला वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक, म्हणजे १५ किलोच्या वासराला दीड लिटर, तीन-चार वेळा करून. लहान गाईचा चीकही थोडाच असतो. मग शेजारणीपाजारणींचे खरवसाचे डबे येतात. त्यांना सांगा, आधी वासराचं होऊ दे.

धार झाल्यावर

इथे बहुतेक जणी चुकतात, कारण दूध हातात आलेलं असतं आणि चहाची घाई असते.

धार काढल्यावर सडाचं टोक लगेच मिटत नाही, अर्धा तास तरी उघडं राहतं. गाय तेवढ्यात शेणमुतात बसली की रोग सरळ आत. म्हणून वासराचं पिऊन झालं की सड औषधात बुडवा. औषधाच्या दुकानात पोव्हिडोन आयोडीन मिळतं, पाच टक्क्यांचं. एक भाग औषध, चार भाग उकळून गार केलेलं पाणी, थोडं ग्लिसरीन. लहान पेल्यात घेऊन सड एकेक बुडवायचा. रोज ताजं करा, उरलेलं बाटलीत परत ओतू नका. आणि लगेच गाईसमोर गवत-पेंढा टाका, म्हणजे ती खात उभी राहील. यातला पेंढा तर फुकटचा उपाय आहे. आज संध्याकाळपासून करता येईल.

दूध स्वच्छ सुती कापडातून गाळा. उन्हाळ्यात दोन तासांच्या आत डेअरीत पोचवा किंवा घरी उकळा. कच्चं दूध मुलांना देऊ नका, कितीही ताजं असलं तरी. गाईपासून माणसाला क्षय आणि ब्रुसेलोसिस होऊ शकतो तो कच्च्या दुधातून. ब्रुसेलोसिसची लस पाडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच देतात, ती चुकवू नका. आणि कुणाची गाय गाभडली तर पडलेला गर्भ, वार यांना उघडा हात लावायचा नाही.

सड दुखतोय हे कसं ओळखायचं

कास सुजली, गरम लागली, दुधात गुठळ्या, पाणी किंवा रक्त आलं तर काससुजी आहे. काही जणी दगडी म्हणतात. त्याच दिवशी डॉक्टर. दुसऱ्या दिवशी नाही. तालुक्याला जायला जमत नसेल तर १९६२ हा फोन लावा, फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो. डॉक्टर येईपर्यंत त्या सडातलं दूध दर दोन-तीन तासांनी काढून दूर खड्ड्यात टाका, ती धार सगळ्यात शेवटी काढा आणि हात धुवा. औषध चालू असताना आणि ते संपल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस चारही सडांचं दूध रतिबाला, डेअरीला घालायचं नाही. नुकसान वाटतं, मला कळतं. पण तुमच्या गिऱ्हाईकाच्या घरी लहान मूल आहे.

छुपी काससुजी असते ती जास्त फसवी. कास चांगली दिसते, दूध पांढरं दिसतं, फक्त दिवसेंदिवस कमी होत जातं. तिची घरगुती तपासणी आहे. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. चार वाट्या घ्या, एकेका सडाचं थोडं दूध एकेका वाटीत, तेवढंच हे पाणी घाला आणि वाटी गोल फिरवा. मिनिटभरात दूध जेलीसारखं बुळबुळीत, तारेचं झालं तर त्या सडात गडबड आहे. पातळच राहिलं तर बरं आहे. ते दूध फेकून द्या, वाट्या वेगळ्या ठेवा. पंधरा दिवसांनी एकदा करा. व्याल्यावरचे पहिले पाच-सहा दिवस करू नका, चिकामुळे चुकीचं दिसतं.

लाथ मारणारी गाय

त्या ताईच्या गाईकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. सडाला बारीक चीर होती, केसाएवढी, उजेडात धरल्याशिवाय दिसत नव्हती. रोज ओला हात लागून ती उलत होती. आठ दिवस कोरड्या हाताने धार, नंतर ग्लिसरीन. गाय आता उभी राहते.

म्हणून पाय बांधायच्या आधी कारण शोधा. चीर, फोड, गोचीड, नख, माश्या, कधी फक्त थंड हात. पहिलारू असेल तर तिला आपला हातच माहीत नसतो. ती गाभण असताना सातव्या-आठव्या महिन्यापासून रोज कासेवरून, पोटावरून हात फिरवत जा, सड मात्र पिळू नका. एवढं करून नाहीच ऐकली तर मागचे पाय ढोपराच्या वर मऊ दोरीने आठच्या आकड्यासारखे बांधा, दोन बोटं जातील इतके सैल. दोरी धार संपताच सोडायची.

आणि गाय सात महिन्यांची गाभण झाली की धार थांबवा. शेवटचे दोन महिने तिचे आणि पोटातल्या वासराचे.

दोन लिटरची गाय ठेवावी का

हा प्रश्न दर बैठकीत येतो. बँकेचे साहेब म्हणतात, संकरित घ्या, दहा लिटर देते. देते, पण बारमाही हिरवा चारा, भरपूर खुराक आणि पंखा मागते. ज्यांच्याकडे पाणी आणि चाऱ्याचं रान आहे त्यांनी जरूर घ्यावी. भातपेंढा आणि कातळावरचं गवत एवढंच ज्यांच्याकडे आहे त्यांनी कर्जाच्या भरवशावर ती उडी मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपली ठेंगणी गाय आपल्या उतारावर, आपल्या पावसात टिकते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची 'कोकण कपिला' या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे, गोव्याच्या पांढऱ्या गाईची 'श्वेत कपिला' म्हणून. केरळातली वेचूर तर आपल्या गाईहून लहान, नामशेष व्हायला आली होती. तिथल्या कृषी विद्यापीठाच्या डॉ. सोसम्मा आयप यांनी १९८९ पासून विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव शोधून ती वाचवली, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन लिटरवर हप्ता काढताना मात्र हिशेब दोन लिटरचाच करा, आणि गाय आटलेले महिने त्यात धरा. मी ते धरले नव्हते.

तांबडी अजून आहे. तीन सडांवर पुढची दोन वेतं दिली तिने. तिची पाडी यंदा पहिल्यांदा व्यायची आहे, भाद्रपदात. गेले पंधरा दिवस मुलगा रोज तिच्या कासेवरून हात फिरवतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने एक रबरी मोजा आणि एक सुई घेऊन यावी. नखं कापून या.